मॉरिशसला जाताय? परीक्षक होऊन जाऊ नका

आमच्या नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच) दिवाळीच्या सुमाराला टूरवाल्यांचे बोर्ड लागतात आणि त्यात मॉरिशस हमखास असतं. सहा रात्री, सात दिवस. कार्यक्रमही ठरलेला: इल ओ सेर्फ बेटावर पॅरासेलिंग, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलावाचं दर्शन, पोर्ट लुईमध्ये खरेदी आणि शेवटच्या रात्री हॉटेलात जेवणासोबत 'सेगा शो'. पर्यटक मराठी असेल तर त्यात आणखी एक कलम वाढतं: "तिथे आपली मराठी माणसं आहेत म्हणे, गणपती बसवतात म्हणे, तेवढं बघून येऊ."

माझं स्पष्ट मत असं की यातल्या शेवटच्या दोन गोष्टी, म्हणजे सेगा आणि तिथली मराठी माणसं, आपण जवळजवळ न बघताच परत येतो. सेगाकडे आपण जेवणाबरोबरची करमणूक म्हणून बघतो, आणि मराठी माणसांकडे पेपर तपासायला बसल्यासारखं. प्रोजेक्टच्या निमित्ताने मला त्या बेटावर दोनदा राहायला मिळालं, एबेनच्या सायबरसिटीतल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. दुसरी खेप नेमकी गणपतीत होती. तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून आज लिहून टाकतो.

आधी आकार डोळ्यासमोर आणू. रॉड्रिग्जसारखी लांबची बेटं धरूनही हा देश साधारण २,०४० चौरस किलोमीटरचा. आपला नगर जिल्हा १७ हजारांवर. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात असे आठ देश मावतील आणि तरी पाथर्डीकडे थोडी जागा उरेल. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपली २०११च्या जनगणनेतच ४५ लाख होती. एवढ्याशा देशात घरात आणि रस्त्यावर क्रेओल बोलतात, पेपर बहुतेक फ्रेंचमध्ये निघतात आणि संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं. शाळेत मूल याशिवाय हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मंदारिन यातली एखादी भाषा घेऊ शकतं, आणि २०१२पासून क्रेओलसुद्धा. आपण तीन भाषांवरून किती भांडतो ते आठवा.

नगरच्या माणसाला तिथे ओळखीच्या वाटाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे काळा दगड. बेट ज्वालामुखीतून आलेलं, त्यामुळे आपल्यासारखाच बेसाल्ट. शेतं साफ करताना वेचलेल्या दगडांचे मोठाले ढीग अजून शेतात उभे दिसतात. आणि त्या ढिगांच्या भोवती दुसरी गोष्ट, ऊस. आपल्याकडे प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०च्या सुमाराला उभा राहिला. तिथे त्याच्या शंभरावर वर्षं आधीपासून ऊस हाच देशाचा सगळा संसार होता. आधी तो गुलामांनी केला. बेट १७१५पासून फ्रेंचांकडे होतं, १८१०मध्ये इंग्रजांनी घेतलं, आणि १ फेब्रुवारी १८३५ला तिथली गुलामी संपली. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेली ती माणसं मोकळी झाल्यावर मळ्यात राबायला कोण? तर करारावरचे हिंदुस्थानी मजूर, म्हणजेच गिरमिटिये. नोव्हेंबर १८३४मध्ये 'ॲटलस' जहाज पहिली तुकडी घेऊन आलं आणि पुढे १९२०पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली.

त्यातले बहुतेक कलकत्त्याहून निघालेले, बिहारकडचे भोजपुरी. काही मद्रासहून. आणि थोडे मुंबई बंदरातून, त्यात रत्नागिरी आणि सावंतवाडी भागातले आपले लोक. पुढे गिरमिटियांची जहाजं पॅसिफिकमध्ये फिजीलाही गेली, १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं, पण ती कलकत्ता आणि मद्रासहून. त्यामुळे बेटावरचा मराठी माणूस शोधायचा तर मॉरिशसलाच जावं लागतं. आज तिथे मराठी वंशाचे लोक देशाच्या जेमतेम दोन टक्के असतील.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर 'आप्रवासी घाट' आहे, २००६पासून जागतिक वारसा. तिथे सोळा दगडी पायऱ्या जपल्या आहेत, जहाजातून उतरलेला माणूस त्या चढून आत यायचा. पायऱ्या बघून लोक फोटो काढतात आणि जातात. मी मात्र 'डबल कट' या प्रकाराबद्दल वाचून तिथेच थांबलो. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर मालक दोन दिवसांचा पगार कापायचा. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कायद्याने चालू होती. आता आपल्याकडे पाथर्डी-जामखेडच्या कुठल्याही ऊसतोड जोडप्याला विचारा. उचल घेऊन निघालेला कोयता, आणि एक दिवस आजारी पडलात तर 'खाडा', म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. शब्द वेगळा, हिशेब तोच. त्यामुळे नगरच्या माणसाने मॉरिशसला 'आपली संस्कृती परदेशात कशी टिकली' एवढंच बघायला जाणं मला जरा विचित्र वाटतं. त्या पायऱ्यांवर संस्कृतीच्या आधी कोयता चढलाय.

तर आता मराठी माणसांकडे येऊ.

गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गंमत म्हणजे ही सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२४मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि सुट्टी ८ला, २०२५मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि सुट्टी २८ला. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्यांना यातलं वर्म सांगायला नको. वाक्वा, हेन्रिएटा या भागात मराठी घरं आहेत. हेन्रिएटाला १८९६मध्ये एका मराठी कुटुंबाने बेटावरचा पहिला गणपती बसवला असं सांगतात. एप्रिल २०२३मध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा आपल्या पेपरात फोटो आले होते, तेवढं बहुतेकांना आठवत असेल.

आणि या गणपतीत तिथे होते ती 'झाकरी'. हा शब्द म्हणजे कोकणातली जाखडी. मध्यभागी गाणारे-वाजवणारे आणि भोवती गोल धरून नाचणारे. कोकणात नाचणाऱ्याच्या एका पायात चाळ असतो, बाल्या नाच म्हणतात तोच हा. मी घाटावरचा. आमच्याकडे भारूड, वाघ्या-मुरळी, तमाशा. जाखडी मी आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून पाहिली ती मॉरिशसमध्ये! शब्द निम्मे कळत होते. क्रेओल बोलणारी जीभ मराठी 'र' आणि 'ळ' जरा वेगळ्याच ठिकाणी लावते. पण ठेका कळत होता आणि गाणाऱ्या पोरापोरींना तो पुरता कळत होता.

त्याच सभागृहात आपल्याकडून फिरायला आलेलं एक जोडपं होतं. कार्यक्रम संपल्यावर काकांनी एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला गाठलं. "घरी मराठी बोलता का?" ती म्हणाली, "थोडा थोडा." मग "'गणपती बाप्पा मोरया'चा अर्थ सांग", मग "आई-बाबा एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात?", मग "रामरक्षा येते?" मुलगी शहाणी होती, हसून उत्तरं देत होती. शेवटी काका आमच्याकडे वळून म्हणाले, "जपलंय हो, पण बरंच बिघडलंय." काकू कौतुकाने मुलीचा गाल कुरवाळत होत्या. हेतू वाईट कोणाचाच नव्हता, हे कबूल.

पण "बिघडलंय" कशाच्या तुलनेत? आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर तिथल्या मराठी माणसाकडे आपण बॅकअप म्हणून बघतो. शे-दीडशे वर्षांपूर्वी इथून एक कॉपी नेऊन ठेवली, आता उघडून बघू, फाइल करप्ट झाली का. प्रत्यक्षात तो फोर्क आहे. अठराशे पन्नासच्या आसपास एका बिंदूपासून फुटलेला, त्यानंतर स्वतःचे बदल करत आलेला. मूळ शाखेतही तेवढेच बदल झालेत, आपल्या लक्षात येत नाहीत इतकंच. ज्या कोकणी बोलीत ती गाणी निघाली ती आज पुण्याच्या सदाशिव पेठेत कोणी बोलत नाही, आणि १८५०मध्येही बोलत नव्हतं. ज्या काकांनी परीक्षा घेतली त्यांनी देवरुखजवळच्या एखाद्या वाडीत जाऊन जाखडी ऐकली असती तरी त्यांच्या कानांना ती 'बिघडलेली'च वाटली असती.

अजून एक. तिथे बोलण्यात 'हिंदू' म्हटलं की बहुतेकदा भोजपुरी-हिंदी परंपरेतले लोक धरतात. तमिळ, तेलुगू आणि मराठी वेगळे मोजतात. आपला माणूस "म्हणजे तुम्ही हिंदूच ना?" असं विचारून समोरच्याला फार अवघड जागी नेतो. प्रश्न धर्माचा नसतो. दोन टक्क्यांच्या समाजाने स्वतःच्या नावाने मोजलं जाण्यासाठी केलेली ती धडपड आहे, आपली मंडळं, आपली शाळेतली भाषा, आपली सुट्टी. ती एका वाक्यात पुसू नये.

आता सेगा. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण टूरवाले सगळ्यात जास्त वाट लावतात ती याची.

सेगा हे गुलामांचं गाणं. दिवसभर मळ्यात राबून झालं की रात्री शेकोटीभोवती गायचे, नाचायचे. गोऱ्या मालकांना आणि चर्चला तो अश्लील गोंधळ वाटायचा. वाद्यं तीन. पहिलं रावान: मोठ्या चाळणीच्या कडेसारखी गोल लाकडी कड आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी ते आगीवर शेकतात, कातडं ताणलं की आवाज खुलतो. आपल्या हलगीवाल्याला हे दाखवा, तो म्हणेल यात नवीन काय! यात्रेत मिरवणूक थांबली की रस्त्याकडेला पाचोळा पेटवून हलगी शेकणारे लोक मी लहानपणापासून बघतोय. तिसरं वाद्य लोखंडी त्रिकोण, टिंग टिंग करणारा. आणि दुसरं, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, ते मारावान. चपटी चौकोनी पेटी, आत बिया, हलवली की खुळखुळते. ही पेटी कशाची? उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची.

आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. वजन घटणार, उतारा घटणार, तोड कधी येणार? ऊस ज्याच्या मालकीचा नाही, फक्त कष्ट ज्याचे, त्याने त्या तुऱ्याचं वाद्य केलं. मला ही गोष्ट फार आवडते. (आणि कोकणातल्या जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले असे सवाल-जवाबाचे दोन पक्ष असतात, त्या तुऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण आठवल्याशिवाय राहवत नाही.)

ठेका सहाचा. दादरा समजून मोजायला बसलात तर थोड्या वेळात समेवर चुकाल, कारण जोर भलत्याच जागी पडतो. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घसटत छोटी पावलं टाकतात. जोडीतले दोघं एकमेकांना स्पर्श करत नाहीत. ठेका चढला की गुडघ्यांवर बसत मागे रेलतात. हा झाला 'सेगा टिपिक', म्हणजे अस्सल, २०१४पासून युनेस्कोच्या यादीत. हॉटेलातल्या सेगात घागऱ्याचा घेर, इलेक्ट्रिक गिटार आणि पाहुण्यांना स्टेजवर ओढणं एवढं उरतं. गाणं क्रेओलमध्ये असतं आणि ते काय म्हणतंय हे कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर कदाचित जेवण गोड लागणार नाही.

हे सगळं नगरच्या माणसाला फार लवकर कळायला हवं. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळाबाई, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचं नाव घेतात. महार घरातली पोर, पठ्ठे बापूरावांच्या फडात आली आणि दोघांची नावं महाराष्ट्रभर झाली. १९३९मध्ये ती गेली. त्यानंतर दहाएक वर्षांत मुंबई सरकारने तमाशा अश्लील म्हणून बंदच केला होता, मग 'सुधारून' परवानगी दिली. संगमनेरच्याच कांताबाई सातारकर २०२१मध्ये कोविडच्या लाटेत गेल्या, तेव्हा हळहळणाऱ्यांत त्यांचा वग पूर्ण बघितलेले किती होते कोण जाणे. आणि आज कंपनीच्या ॲन्युअल डेला 'लावणी परफॉर्मन्स' असतो. नऊवारी भाड्याने, ढोलकी पेनड्राइव्हवर. हॉटेलातला सेगा म्हणजे अगदी हाच प्रकार. एकाच्या मागे गुलामी, दुसऱ्याच्या मागे जात. आधी हाकलायचं आणि मग धुऊन पुसून पाहुण्यांपुढे ठेवायचं.

सेगाचं तसंच झालं. ति फ्रेर नावाचा गायक होता, खरं नाव आल्फोंस राव्हातों. १९६४मध्ये ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची मोठी रात्र झाली, त्यात त्याला सेगाचा राजा ठरवलं. ल मॉर्न म्हणजे पळून गेलेले गुलाम जिथे लपायचे तो डोंगर, आता तोही जागतिक वारसा. चार वर्षांनी, १२ मार्च १९६८ला, देश स्वतंत्र झाला. ति फ्रेर १९९२मध्ये वारला. त्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका. आवाज घासलेला, मागे फक्त रावान आणि खुळखुळ. मला पहिल्यांदा ऐकताना आपल्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराची आठवण आली.

मग काया आला. सेगा आणि रेगे मिसळून त्याने 'सेगे' केलं आणि क्रेओल वस्त्यांतल्या पोरांना त्यांचा आवाज मिळाला. फेब्रुवारी १९९९मध्ये गांजावरची बंदी उठवा म्हणणाऱ्या एका जाहीर कार्यक्रमात गांजा ओढल्याबद्दल त्याला पकडलं आणि २१ तारखेला तो पोलीस कोठडीत मेला. वय ३८. पुढे काही दिवस बेट पेटलं होतं, आणि त्या दंगलीला क्रेओल विरुद्ध हिंदू असा रंग चढला.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडचे पुढारी आणि पर्यटक तिथे गेले की लगेच 'लघुभारत', 'छोटा भारत' सुरू करतात. टॅक्सीवाला क्रेओल असतो. त्याचे पूर्वज आपल्या पूर्वजांच्या आधी त्याच उसात होते, साखळ्यांत. मागच्या सीटवरून "हा तर आपलाच देश" असं मोठ्याने म्हणणाऱ्याला कल्पना नसते की पुढे बसलेल्याला 'आपला' हा शब्द इंग्रजी-हिंदीच्या मिसळीतूनही बरोबर कळतो. त्या देशात १ फेब्रुवारी ही गुलामी संपल्याची सुट्टी आहे आणि २ नोव्हेंबर ही गिरमिटिये उतरल्याची. दोन्ही सुट्ट्या सगळ्यांना. त्यांनी एवढी काळजी घेतली आहे तर आपण पाहुण्यांनी निदान तिच्यात पाय घालू नये.

आणि तिथल्या मराठी माणसाला समजून घ्यायचं तरी सेगा ऐकावाच लागतो, असं माझं म्हणणं आहे. झाकरी गाणारा तोच मुलगा लग्नात सेगावर नाचतो. भोजपुरी लोकांनी तर भोजपुरी शब्द सेगाच्या ठेक्यावर बसवून वेगळाच प्रकार काढला, 'भोजपुरी बॉईज'ची गाणी त्यातलीच. शिवाय त्यांच्या लग्नातलं 'गीत गवाई' २०१६मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आपल्या झाकरीचं नाव अजून तसं कुठे मोठं झालेलं नाही. व्हावं असं मला वाटतं, पण ते मागणं त्यांचं आहे. आपण इथून 'मूळ कोकणचंच ते' म्हणून हक्क सांगायला गेलो तर आधीच म्हणून ठेवतो, मी विरोधात सही करीन :)

असो. जाणार असाल तर काही गोष्टी. गणपतीत जा, आपल्याकडचा गणपती सोडवत नसेल तर २ नोव्हेंबरच्या आसपास जा. मोका गावी महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदींचं दफ्तर आहे. फ्रेंच-इंग्रजी कारकुनांनी ऐकू आली तशी लिहिलेली आपली नावं वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. रस्त्यावर दालपुरी खा, आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून तिखट केली तर जशी लागेल तशी. मराठी घरी गेलात तर मुलांना रामरक्षा विचारू नका. तुम्ही ऐकता ते गाणं कुठलं, असं विचारा. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, एवढं क्रेओल विमानातच पाठ करून टाका.

आणि हॉटेलचा शो सोडा. रविवारी फ्लिकान्फ्लाक किंवा मोंश्वाझीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. घरंच्या घरं बस करून येतात, सुरूच्या झाडांखाली पातेली उघडतात, आणि दुपार कलली की कोणीतरी रावान काढतं. हल्ली बऱ्याच जणांकडे कृत्रिम पडद्याची रावान असते, ती शेकावी लागत नाही. पण पाचोळ्याची छोटी शेकोटी पेटलेली आणि कोणी कातडं तिच्यावर फिरवताना दिसलं, तर आसपासच कुठेतरी बसून घ्या. अजून अर्धा तास आहे सुरू व्हायला.